सत्तेचाळीस नंबरची काच

रागीट माणूस मनाचा स्वच्छ असतो, असं लोक उगाच म्हणतात. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो स्वतःच तापट असणार, आणि घरात कुणीतरी त्याला जाब विचारला असणार. पारा तापट होता, आणि त्याच्याबद्दलही गल्लीत हेच बोललं जाई. "बोलतो तोडून, पण पोटात काही ठेवत नाही." पोटात काय होतं याचा पत्ता गल्लीला एकेचाळीस वर्षं लागला नाही.

पारा हे त्याचं कामावरचं नाव. रेल्वेकंपनीच्या इंजिन शेडमध्ये तो फिटर म्हणून लागला आणि फिटरांवरचा चार्जमन होऊन निवृत्त झाला. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं हे विचारायची गरज कधी पडली नाही. सकाळी नळाला पाणी कमी आलं की पारा चढे, वर्तमानपत्राची घडी चुकली की चढे, आणि कुणी "शांत व्हा हो" म्हटलं की मग विचारूच नका.

निवृत्तीनंतर त्याने घराच्या मागच्या खोलीत एक जुना लेथ बसवला आणि वाफेचं इंजिन करायला घेतलं. शोभेचं नव्हे, कोळशावर खरोखर चालणारं. मूळ इंजिनाचा एक फूट म्हणजे इथला एक इंच. मागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरसकट ते पाच फूट लांब झालं, आणि त्याला अकरा वर्षं लागली. बॉयलर तांब्याचा, चाकं ओतीव. रिवेट तारेचे तुकडे कापून एकेक ठोकलेले. नखाएवढ्या पत्र्यावर चाळीस. धुराडं पूर्ण झाल्यावर त्याला ते केसभर कललेलं वाटलं, तर त्याने ते उचलून अंगणापलीकडे भिरकावलं आणि दुसऱ्या दिवशी नवं करायला बसला. खऱ्या इंजिनाच्या डाव्या पायरीला एक पोचा होता, तोही त्याने लहान हातोडीने दोन ठोके देऊन बरोबर तिथेच पाडला. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा दारातून डोकावून म्हणाले, "खेळणं मात्र झकास जमलंय हं." त्यानंतर मास्तर दोन वर्षं त्या दाराकडे फिरकले नाहीत.

कुणी विचारलंच, तर पारा सांगे, "सत्तेचाळीस नंबर आहे हे. आमच्या दाजींचं."

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या शेडची पद्धत अशी होती की एक इंजिन एकाच ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. ड्रायव्हर रजेवर गेला तर इंजिनही शेडमध्ये उभं. दाजींकडे सत्तेचाळीस नंबर नऊ वर्षं होतं. दाजी मोजकं बोलणारे, उंच आणि जरा वाकलेले होते. इंजिनावर चढले की आधी खिशातलं फडकं काढून पाण्याची काच पुसत, मग बाकीचं.

ही काच म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर बसवलेली बोटाएवढी जाड उभी नळी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तीत दिसतं. भट्टीच्या डोक्यावर कायम पाणी असावं लागतं. ते खाली गेलं की भट्टीचं छत कोरडं तापतं, मऊ पडतं, फाटतं, आणि बॉयलरमधली सगळी वाफ भट्टीच्या तोंडातून ड्रायव्हरच्या अंगावर येते. म्हणून अशा काचा दोन असतात. एकीने दगा दिला तर दुसरी.

सत्तेचाळीस नंबरची उजवी काच तडकली होती आणि सहा आठवडे बंद होती. दाजींनी दुरुस्तीच्या पुस्तकात तीनदा लिहिलं, 'उजवी काच बदलावी.' कुणी बदलली नाही. मग एका सकाळी मालगाडी घेऊन चढ चढताना सत्तेचाळीस नंबरच्या भट्टीचं छत फाटलं. दाजी तिथेच गेले. फायरमन दोन दिवसांनी गेला.

चौकशी दोन दुपारी चालली. हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे तीन साहेब बसले आणि त्यांनी निकाल दिला, ड्रायव्हरचं पाण्याकडे दुर्लक्ष झालं. दुरुस्तीचं पुस्तक मागितलं तेव्हा ते सापडत नाही असं उत्तर मिळालं. मेलेला माणूस चौकशीला फार सोयीचा असतो. तो उलटून बोलत नाही, आणि त्याला परत कामावर घ्यावं लागत नाही.

ताईला पंधरा दिवसांत कंपनीचं घर सोडावं लागलं. चूक ड्रायव्हरची, म्हणून पेन्शनही नाही. फायरमनची आई तिच्या दारात येऊन भर दुपारी ओरडली होती, "तुझ्या नवऱ्यानं माझा लेक खाल्ला." चाळीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि एकीतूनही कुणी बोललं नाही. पुढची तीस वर्षं ताईने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. मूलबाळ नव्हतं. पाऱ्याची बायको गेल्यावर ती दोन गल्ल्या ओलांडून रोज दुपारी त्याचं जेवण घेऊन येऊ लागली. तो जेवेपर्यंत स्टुलावर बसे, आणि इंजिनाकडे बघत ठरलेलं एक वाक्य बोले.

"एका काचेकडे बघायचं होतं या माणसाला. एका काचेकडे. तेवढंही झालं नाही मेल्याकडून."

पारा घास तसाच ठेवून ओरडे, "कंपनी हरामखोर होती, ताई. उजवी काच सहा आठवडे बंद ठेवली."

"डावी होती ना? डोळेही दोन होते. झोपला असेल. घरी तरी दुसरं काय करायचा?"

मग पारा ताट बाजूला सारून लेथ चालू करी. तिला वाटे, नवऱ्याला बोललेलं भावाला सोसत नाही. एवढा जीव लावला होता त्याने दाजींना.

कंपनीने जुन्या शेडचं संग्रहालय करायचं ठरवलं आणि इंजिनाची बातमी कशी कोण जाणे तिथपर्यंत पोचली. एका बुधवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. वयाने तिशीच्या, हातात फाईल, पायात मळके बूट. त्या खाली गुडघ्यांवर बसून इंजिनाच्या पोटाखाली बघू लागल्या, तेव्हा पाऱ्याला त्या आवडल्या. त्यांनी झडपांची नावं बरोबर घेतली तेव्हा आणखी आवडल्या. "मधल्या दालनात ठेवू, काका. चहूबाजूंनी बघता येईल," त्या म्हणाल्या, आणि पाऱ्याने कुणाला न विचारता चहा टाकला.

मग त्यांनी फाईलमधून पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला. इंजिन कधी बांधलं, वजन किती, कुठल्या मार्गावर धावलं. शेवटी दोन वाक्यं होती. "चालकाचे पाण्याच्या पातळीकडे दुर्लक्ष झाल्याने घडलेल्या दुर्घटनेत चालक व फायरमन मरण पावले. त्यानंतर कंपनीने सुरक्षेचे नियम अधिक कडक केले."

"कडक?" पारा म्हणाला. "कडक केले? पुन्हा वाचा."

बाईंनी पुन्हा वाचलं नाही. चहा उतू गेला तो गेलाच. पाऱ्याने कंपनीच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. ते तीन साहेब, त्यांचं हिरवं टेबलक्लॉथ, हरवलेलं पुस्तक, पंधरा दिवसांची नोटीस, सगळं त्याने त्या खोलीत आणून आपटलं. "माणूस जिवंत असताना काच दिली नाही, आणि आता मेल्यावर काचेच्या पेटीत घालून त्याची बदनामी मांडताय? वर तिकीट लावणार?"

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, हे वाक्य मी मनाने नाही लिहिलेलं. अहवालात आहे. ते खोटं असेल तर मला बदलायचंय. पण माझ्या हातात काहीतरी द्या."

"काय देऊ? पुस्तक जाळलं त्यांनी."

"डावी काच चालू होती, हे अहवालात आहे. ती काच पाणी चुकीचं दाखवत होती, असं कुणी करून दाखवलं आणि लेखी दिलं, तर मी स्वतः वर मांडेन. पाटी बदलून घेईन."

पारा थांबला. रागात असलेला माणूस इतका चटकन थांबला की समजावं, बोट बरोबर दुखऱ्या जागी पडलंय. "शनिवारी सकाळी या," तो म्हणाला. "वाफेवर दाखवतो."

आता, तो जे कुणाला सांगत नसे ते सांगायला हवं.

अपघाताच्या आदल्या दिवशी डावी काचही गळायला लागली होती. दाजींनी इंजिन शेडमध्ये आणलं तेव्हा कामावर पारा होता, सत्तावीस वर्षांचा, हाताला जलद म्हणून नावाजलेला. स्टोअरमध्ये त्या मापाची काच नव्हती. होती ती दुसऱ्या जातीच्या इंजिनाची, चार सूत तोकडी. म्हणजे अर्धा इंच. नळीचं टोक रबराच्या कड्यातून थोडं बाहेर यावं लागतं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. टोक आत राहिलं की नट आवळताना रबर फुगून नळीच्या तोंडावर येतं. वरचं तोंड बुजलं की वाफ नळीत उतरत नाही आणि पाणी आपलं खालून वर चढून बसतं. बॉयलर रिकामा होत असला तरी काचेत पाणी दिसत राहतं. ड्रायव्हरने तपासायला काचेखालचा नळ सोडला, तर पाणी जातं आणि परत येऊन तिथेच उभं राहतं.

पारा मुकादमाला म्हणाला होता, "तोकडी आहे." मुकादम म्हणाला, "इंजिन सकाळी सहाला हवंय. बघ काहीतरी." आणि पाऱ्याने बघितलं. त्याने रबराचं कडं जाड घेतलं. गळती थांबली. मुकादमाने पाठ थोपटली. दाजी आले, फडक्याने काच पुसली आणि म्हणाले, "झकास बसवलीस."

चौकशीत साहेबांनी पाऱ्याला एकच प्रश्न विचारला. काच नीट बसवली होती का? "हो, साहेब." दोन शब्द. पुढच्या वर्षी तो चार्जमन झाला.

कंपनी हरामखोर होती यात शंका नाही. उजवी काच तिनेच बंद ठेवली, तोकड्या काचा तिनेच भरल्या, पुस्तक तिनेच गायब केलं. म्हणून तर पाऱ्याचं भागलं. शिव्या घालायला एवढं मोठं घर समोर असताना स्वतःच्या दारात कोण जातो? त्याचा राग खोटा नव्हता. पत्ता तेवढा अर्धाच लिहिलेला होता.

आणि अकरा वर्षांत त्याने प्रत्येक भाग नकाशाबरहुकूम केला होता, काच सोडून. आधी बरोबर मापाची बसवली. दोन महिने तिच्याकडे बघितलं. मग काढून फोडली आणि तोकडी बसवली, जाड रबर लावून. तोंडाने होत नव्हतं ते इंजिनाने बोलावं, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पण इंजिन 'कुणी' हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी त्याने मुकादमाची नेमणूक केली होती. मुकादम वारून वीस वर्षं झाली होती. सांगायचं ते ठरलेलं होतं: बसवली मुकादमाने, मी नुसता बघत होतो. मेलेल्याच्या माथी मारायचं, ही विद्या कंपनीकडूनच तर शिकलेली.

शनिवारी सकाळी अंगणात दोन लाकडी घोड्यांवर रूळ टाकून सत्तेचाळीस नंबर उभं केलं. बाई आल्या. ताईला त्याने स्वतः बोलावून आणलं होतं. दाजींच्या नावावरचा डाग पुसला जाताना ती समोर हवी होती. ती पायरीवर बसली, हात मांडीवर ठेवून, चादरींच्या वाफेने कायमचे लाल झालेले ते हात. "काय दाखवायचंय ते लवकर दाखव," ती म्हणाली. "मला त्या इंजिनाकडे फार वेळ बघवत नाही."

पाऱ्याने चमच्याने कोळशाचे दाणे टाकले. वीस मिनिटांत वाफ धरली. पेन्सिलीच्या शिशाएवढ्या काचेत पाणी अर्ध्यावर उभं होतं.

"बघा. अर्धी काच. बघितलं?" तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. "आता मी बॉयलरमधलं पाणी काढतोय." त्याने बॉयलरच्या तळाचा नळ सोडला. गरम पाणी फसफसत बादलीत पडू लागलं. त्याने बाईंना काचेकडे बघत राहायला सांगितलं. बादली भरत गेली. काचेतलं पाणी अर्ध्यावरच. त्याने आधी भट्टीतला जाळ ओढून खाली पाडला, मग भट्टीच्या छताच्या पातळीवर बसवलेली चाचणीची बारीक तोटी उघडली. पाणी वर असतं तर तिच्यातून पाणी आलं असतं. कोरडी वाफ आली, शिट्टीसारखी.

"आता बॉयलरमध्ये भट्टी झाकण्याएवढं पाणी नाही," पारा म्हणाला. "आणि काच काय म्हणते?"

"अर्धी," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी वाकून काचेचं वरचं टोक बघितलं, नट बघितला. "काच तोकडी आहे. रबर तोंडावर आलंय." त्या सरळ झाल्या. "खऱ्या इंजिनातही असंच झालं होतं? कुणी बसवली होती ही?"

पाऱ्याने तोंड उघडलं. मुकादम जिभेवर आला होता.

तेवढ्यात ताई उठून जवळ आली होती. ती काचेकडे बघत होती, आणि तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता असा निघाला. "म्हणजे ते बघत होते?"

पाऱ्याने चाचणीची तोटी बंद केली.

"अरे, मी विचारतेय. ते काचेकडे बघत होते का?"

"बघत होते, ताई," पारा म्हणाला. "काचेत पाणी दिसत होतं त्यांना. शेवटपर्यंत. त्यांची काही चूक नव्हती." आणि मग मुकादम कुठे गेला कोण जाणे. "काच मी बसवली होती. तोकडी आहे हे ठाऊक असून बसवली. चौकशीत खोटं बोललो."

बाई फाईल छातीशी धरून बाजूला सरकल्या.

"तिसऱ्या दिवशी मी तुला विचारलं होतं," ताई म्हणाली. "तू शेडमध्ये होतास, तुला माहीत असेल म्हणून. ह्यांनी पाणी बघितलं नसेल का रे, असं विचारलं होतं. काय म्हणाला होतास?"

पारा वाकून इंजिनाखालची राख गोळा करू लागला.

"बोल ना. एरवी तर गल्ली डोक्यावर घेतोस."

"दाजी दमलेले असत, म्हणालो होतो. डोळा लागला असेल."

"डोळा लागला असेल," ती म्हणाली. "मला कंपनीने नाही सांगितलं ते. कंपनीवर मी विश्वास ठेवला नसता. तू सांगितलंस म्हणून ठेवला. एकेचाळीस वर्षं मी त्या माणसाला मेल्या म्हटलं. रोज. फायरमनच्या आईसमोर मान खाली घातली, कारण मला वाटलं ती खरं बोलतेय. आणि तू समोर बसून जेवत होतास."

"ताई, उजवी काच जर कंपनीने..."

"कंपनीचं नाव काढू नकोस. कंपनी काय माझा भाऊ होती?"

पाऱ्याला सवयीने राग चढू लागला होता. तो चढला आणि कुणावर उतरवावा ते त्याला कळेना. अंगणात दोन बायका होत्या आणि एक थंड होत चाललेलं इंजिन.

ताई बाईंकडे वळली. "पाटी बदलेल ना?"

"बदलेल. पण यांचं लेखी म्हणणं लागेल."

"कागद द्या."

तिने स्टूल स्वतः ओढून आणलं आणि भावाला त्यावर बसवलं. तो लिहू लागला. अक्षर सुरेख होतं त्याचं, नकाशे काढून काढून वळणदार झालेलं. तारीख, इंजिनाचा नंबर, काच चार सूत तोकडी, रबर जाड, चौकशीत दिलेली साक्ष खोटी. ताई त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. तो सही करायला गेला तेव्हा तिने कागदावर बोट ठेवलं.

"मला काय सांगितलंस तेही लिही."

"त्याचा इंजिनाशी काय संबंध?"

"लिही."

त्याने लिहिलं. एकच ओळ होती, पण बाकीच्या सगळ्या मजकुराहून तिला जास्त वेळ लागला. बाईंनी कागद घेतला, वाचला, आणि शेवटच्या ओळीवर थांबून ताईकडे बघितलं. "ही ओळ पाटीवर नाही येणार, मावशी. ही घरातली गोष्ट आहे. वाटलं तर वगळूया."

"पाटीवर नको," ताई म्हणाली. "फाईलमध्ये राहू दे. उद्या कुणी विचारलं की या बाईला नवऱ्याची चूक नव्हती हे कसं कळलं नाही, तर दाखवता येईल."

मग तिने बाईंच्या हातातून कागद घेऊन भावासमोर परत ठेवला आणि सही करायची जागा दाखवली.